वकीलबाईंचा खण

मित्रांनो, सरकारच्या ज्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत, त्या खोलीच्या दाराशी मी उभी असते. मी एक जुनी, खणाखणांची लोखंडी पेटी आहे. बाहेर छाती काढून चालणारे साहेब माझ्यापुढे आले की खिसे चाचपतात, फोन मुकाट्याने माझ्या पदरात टाकतात आणि किल्ली घेऊन आत जातात. शिक्षण माझं काही नाही, पण माणूस मला लगेच कळतो.

पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या मिस्त्रीने मला ठोकलं, त्याचा हात जड होता, पण काम चोख होतं. अजून माझं एकही दार लोंबलेलं नाही. मधे माझ्या शेजारी एक प्लास्टिकची पेटी आणून ठेवली होती. तिच्या बिजागऱ्या लवकरच खिळखिळ्या झाल्या. मी काही बोलले नाही. नुसती उभी राहिले.

वरच्या रांगेतला कोपऱ्यातला खण वकीलबाईंचा. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा इतक्या कोवळ्या दिसत, की शिपाईकाकांनी विचारलं, "कोणाला भेटायचंय, बाळ?"

"आतल्या सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "भेटून नको म्हणायचंय."

तेच त्यांचं काम होतं. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरतात, त्यांना कायद्यात कसं धरायचं, आणि देश राखायचा म्हणून सरकारने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कुठवर शिरायचं, हे त्या सांगत. साहेब लोक त्यांना पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. केस पिकले, तरी आतला एक शब्द त्यांनी कधी घरी नेला नाही.

आतलं मलाही ऐकू येत नाही, दार जाड आहे. पण फोन काढताना माणसांची जीभ अजून आतच घुटमळत असते. एके दुपारी बाई आणि कॉम्प्युटरवाले साहेब तणतणत बाहेर आले.

"हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटरमध्ये जी फट सापडलीय, ती बुजवायला सांगा त्यांना."

"बाई, तसलेच कॉम्प्युटर शत्रूकडेही आहेत. त्याच फटीतून आपण त्याच्या घरात बघतो. बुजवली की आंधळे झालो."

"आणि ती उद्या चोरांना सापडली तर?"

"गुप्त ठेवायला सही तुमचीच आहे."

"थोड्या मुदतीची होती. ती कधीच संपली."

साहेब खांदे उडवून निघून गेले. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. धाकटी बहीण होती, मोठ्या हॉस्पिटलात नर्स. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरत होतं.

"ताई, बाबांचं आमच्याकडेच करू ना? की त्या पलीकडच्या लहान दवाखान्यात? तिथे सर्जन चांगले आहेत, पण अजून सगळं कागदावर चालतं."

बाईंचा हात माझ्या दारावर होता. बोटं आवळली गेली ती मला कळली. 'पलीकडे' एवढा एकच शब्द पुरे होता.

"तुझ्याकडेच कर," त्या म्हणाल्या. "तू जवळ असशील."

फोन बंद केल्यावर त्या पुटपुटल्या, "बाकीच्यांचे बाप कुठे नेऊ?"

ऑपरेशनच्या दिवशी त्यांचा खण थरथरायला लागला. थांबे, पुन्हा थरथरे. चोरांनी त्याच फटीतून शिरून धाकटीच्या हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते, ऑपरेशन अडलं होतं. बाई आत होत्या. बैठक चालू असताना फोनसाठी कोणाला बाहेर बोलवायचं नाही हा नियम, आणि तो बाईंनीच घालून दिलेला. शिपाईकाका एकदा दाराकडे बघत, एकदा खणाकडे. दारावर टकटक करायला मला हात नाहीत. त्यांना होते, पण त्यांना नोकरी होती.

बाई बाहेर आल्या तेव्हा खण गप्प झाला होता. वडिलांना पलीकडच्या दवाखान्यात नेताना ते गाडीतच गेले.

पुढे वर्तमानपत्रांत छापून आलं, की त्या फटीची सरकारला आधीपासून माहिती होती. धाकटी कामावरच्या कपड्यांतच आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, एवढंच सांग. तुला माहीत होतं?"

शिपाईकाका छताकडे बघू लागले.

"होतं," बाई म्हणाल्या.

"मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही."

"नुसतं 'पलीकडे ने' म्हणाली असतीस. मी कारण विचारलं नसतं. तुझ्या कामाचं कधी विचारलंय मी?"

बाईंनी हात पुढे केला. ती मागे सरकली.

"बाबा गाडीत विचारत होते, ताईला कळवलंस का. मी म्हटलं, येतेय ती." एवढं बोलून ती गेली. मागे वळली नाही.

बाई आत गेल्या. आतलं गुपित आपण बाहेर बोललो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने त्या परतल्या तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र नव्हतं. फोन काढला, किल्ली दारालाच राहू दिली. त्या खणात आता कोणी फोन ठेवत नाही. तिथे धूळ बसते, आणि पुसणाराही तेवढा वगळून पुसतो.

मित्रांनो, मी गुपितांच्या उंबऱ्यावर म्हातारी झाले. सगळी गुपितं वाईट, असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याच्या दाराची कडी मोडली आहे हे कळलं, तर आधी त्याला जाऊन सांगा. आपला फायदा मागून बघा. आणि बाईंना ज्यांना नावं ठेवायची असतील, त्यांनी एकदा माझ्यासमोर फोन हातात घेऊन उभं राहावं, पलीकडून आपलं माणूस विचारतंय असं समजून. मग काय ते बोलावं.