पुढच्या सोमवारी

पितळेची कडी अजून गार होती. पिशवीत नोटांच्या पुडक्याला टेकून बसलेली ती झोपाळ्याची कडी कुंदा पुन्हा पुन्हा चाचपत होती, आणि बडनेऱ्याला गाडी बदलल्यापासून तर आनंदानं तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज घर सुटणार... सासऱ्यांनी अकोल्याचं घर खुशालराव सावकाराकडे कब्ज्यासकट गहाण टाकलं, झोपाळा विकला, एक कडी तेवढी ठेवली. आणि ते घर आज सोडवणार होती ती, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, स्वतःच्या पगारातून!

खुशालरावानं दोनदा टोलवलं होतं. घरात खाली कापसाच्या गठाणी भरलेल्या, भाडं मिळतंय, तो कशाला सोडतोय? पण आज तिच्याजवळ हुकमाचा पत्ता होता. कमलाकांत, तिचा वकील भाऊ, म्हणाला होता, ‘टाळाटाळ केली तर पैसे सरळ कोर्टात भर. मग त्याला घर द्यावंच लागतं.’ ते वाक्य मूर्तिजापूरपर्यंत तिनं इतकं घोटलं, की समोरच्या बाईनं विचारलं, “जप करून राहिल्या का, बाई?”

खुशालराव ओसरीवर सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही.

“मुनीम सरकीच्या सौद्यात गुतला. पुढच्या सोमवारी पाहू, बाई. कावून एवढी घाई करता?”

आता. आता म्हणायचं... ओठांवर आलेलंच होतं. आणि नेमका त्या क्षणी नवऱ्याचा, नारायणरावांचा, कालचा आवाज—किती मायेनं बोलले होते ते—‘झालं, कुंदा. तुझ्या पगाराचं काम झालं. घर सुटलं, की मी अकोल्याला बदली मागतो. तुझी दगदग संपली.’ सासूबाईंनी तर भांडीसुद्धा बांधायला काढलेली. दगदग! म्हणजे सकाळची ती घंटा, खडूनं पांढरी झालेली बोटं, भागाकार उमगला म्हणून बाकावर चढलेली वच्छला... आणि ही गाडी, खिडकीशी एकटीच बसलेली मी.

“बरं,” कुंदा म्हणाली. “सोमवारी येते.”

अडकित्ता थांबला. खुशालरावानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. भांडायला येणाऱ्यांची त्याला सवय होती. “च्या घेता का?” त्यानं जरा चाचरतच विचारलं. ती नको म्हणून पायऱ्या उतरली.

रस्त्यावर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागली होती, हवेत तंतू उडत होते. तिचे पाय कसे हलके पडत होते. सकाळपासूनचाच हा आनंद, तसूभर कमी झालेला नव्हता. घर तर सुटलं नाही, मग हा कशाचा? घरी काय सांगायचं? मुनीम नव्हता... खोटं तर नाही ते. पण खुशालराव भाड्यासाठी टाळतो, तसं आपण...

“कोर्टात न्यायचं ना, बाई?” टांगेवाल्यानं विचारलं. मघाशी तिनंच त्याला कोर्टाचं सांगून थांबवून ठेवलं होतं. कोर्ट जवळच होतं; पिशवीत पैसे होते. तिनं कडी मुठीत घट्ट धरली.

“बाई, कोर्टात का टेसनावर?”

तिला एकदम हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला भीती वाटली.