न मागता दिलेली सूट

आमचा दादा आमदार झाला, पण त्याच्यातला भांडीवाला काही गेला नाही. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की आधी स्टूल पुढे सरकवतो आणि विचारतो, "बोला, काय दाखवू?"

वडिलांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता. घासाघीस करणाऱ्याशी खुशाल घासाघीस करायची. पण जो मुकाट्याने पहिला भाव कबूल करतो, त्याला आपणहून सूट द्यायची. भल्या माणसाच्या भलेपणाचा फायदा घ्यायचा नाही.

दादा निवडणुकीला उभा राहिला तो वहिनीमुळे. ती गल्ल्यावर बसते. आमच्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून घरून निघाली की परत जाईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तरी तेच. "एवढं एक काम करा, मग पुढच्या वेळी पडलात तरी चालेल," ती म्हणाली होती.

दादाने सभागृहात चार बाजारांसाठी चार स्वच्छतागृहं मागितली. मंत्री पक्के चिकट, त्यामुळे दादा कंबर कसून गेला होता. मंत्री उठले, "मंजूर" म्हणाले आणि खाली बसले.

दादाच्या तोंडून निघून गेलं, "मग तीनच द्या, साहेब!"

सगळं सभागृह खो-खो हसलं. मंत्र्यांनी हसत हसत तीनच मंजूर केली. वर प्रेक्षकांत वहिनीशेजारी बसून मी कपाळावर हात मारला. दुसऱ्याचा बाजार वगळायला दादाची जीभ रेटेना, म्हणून त्याने आमचाच वगळला.

परतताना गाडीत तो म्हणाला, "चुकलं गं माझं."

"सूट कुणाच्या खिशातून जाते?" वहिनीने विचारलं.

"आपल्या."

"मग झालं तर. दुकानामागचं गोदाम द्या."

गोदाम म्हणजे दादाचा जीव की प्राण. पण दिलं. तिथे बाजारातल्या सगळ्या बायकांसाठी स्वच्छतागृह झालं, आणि गोदामातली पातेली आमच्या बैठकीच्या खोलीत आली. आता पाहुणे उभ्यानेच चहा पितात.

स्वच्छतागृह सुरू झालं त्या दुपारी वहिनीने फळीवरचा नवा पेला काढला, विसळला, भरला आणि भर दुकानात ती गटागट पाणी प्यायली. दादा गिऱ्हाइकाला कढई दाखवत होता. कढई त्याच्या हातात तशीच राहिली.

"तू तहानलेली बसलीस, म्हणून हे दुकान चाललं," तो म्हणाला. "तुझे उपकार कसे फेडू?"

वहिनीने डोळे पुसले आणि पेला पुढे केला. "अजून एक भरा."