नऊ नंबरचा पत्ता

सांगलीच्या जयराजची कंपनी साखर कारखान्यांना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर विकते. म्हणजे मशीनच विकते, फक्त ते दिसत नाही. खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा एक मानलेला संगणक, त्यात सगळं आधीच मांडलेलं, आणि हा अख्खा संसार एका फाईलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर. ग्राहकानं नुसतं चालू करायचं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जयराज ‘रेडीमेड घर’ म्हणतो, कारण संचालक मंडळाला घर कळतं.

घराला पत्ता लागतो. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राचा नंबर वेगळा हवा. तो राऊटरला वाटू द्यावा, आपण मध्ये हात घालू नये, हे जयराज कंपनीतल्या नव्या मुलांना बजावून सांगतो. पण फलटणकडच्या एका कारखान्याचे चेअरमन आप्पासो यांचं सगळं नवावर संपतं. गाडी, मोबाइल, गेस्ट हाऊसमधली खोलीसुद्धा. तेव्हा मशीन बसवताना जयराजनं हातानं नंबर घातला, शेवटी नऊ.

“आप्पासो, तुमच्याच आकड्यावर बसवलंय.”

“लय भारी,” आप्पासो म्हणाले. चाचणीत काटा बिनतक्रार चालला.

गळीत हंगामाची मोळी टाकायच्या दिवशी मात्र पहिलाच ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि पडद्यावरचं वजन गेलं. आलं, परत गेलं. मागं उसाच्या ट्रॉल्या रस्त्यापर्यंत लागलेल्या.

“काय रं, काटा झोपला व्हय?”

“चेअरमनचं भाषण ऐकलं आसंल गड्या!”

आप्पासोंनी हसणाऱ्यांकडं पाहिलं, मग जयराजकडं. जयराजनं केबल तपासली, मशीन बंद करून चालू केलं. काही कळेना. न कळणं माणसाला चालतं, पण चारचौघांत न कळणं चालत नाही. त्यानं विचारलं, “हे मशीनचं टेबल कोणी हलवलं?”

“मी, सर,” काट्याची ऑपरेटर नूरीन म्हणाली. तिची ही पहिली नोकरी, तीही हंगामापुरती. “पूजेचं ताट मावत नव्हतं म्हणून.”

“बघा,” जयराज म्हणाला. तेवढ्यानं भागलं.

“मशीनला हात लावायचा न्हाई, हे कळत न्हाई?” आप्पासो म्हणाले. “जा, टाइम ऑफिसात बस. उद्या बघू तुला ठेवायचं का न्हाई.”

नूरीन गेली. आता कोणी आपल्याकडं बघत नाही, याचं जयराजला बरं वाटलं.

मग त्यानं आधीच करायला हवं होतं ते केलं. आपलं मशीन पूर्ण बंद केलं आणि त्या नऊवाल्या नंबरला मोबाइलवरून हाक मारून पाहिली. बंद घरातून उत्तर येऊ नये. उत्तर आलं. म्हणजे त्या पत्त्यावर आणखी कोणीतरी राहत होतं.

तो खोल्याखोल्यांतून एकेक केबल काढून बघत निघाला. कॅमेरे नव्हते. प्रिंटर नव्हता. टाइम ऑफिसात अंगठ्याच्या हजेरीचं यंत्र होतं. हंगाम नसताना बंद असलेलं, आज सकाळी चालू केलेलं. त्याची केबल काढताच मोबाइलवर येणारं उत्तर थांबलं. हजेरीयंत्र बसवणाऱ्यालाही चेअरमनना खूश करायचं होतं, एवढाच अर्थ.

यंत्राशेजारीच नूरीन बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. “सापडलं का, सर?”

“हो,” जयराज म्हणाला. “नेटवर्कचं होतं जरा.”

“टेबलामुळंच ना?”

ट्रॅक्टर थांबलेत असं काहीतरी पुटपुटत जयराज बाहेर पडला. त्यानं नंबर बदलला आणि काटा चालू झाला. इकडं कुठलंही काम झालं की सत्कार होतोच, न झालेल्या कामाचाही होतो, त्यामुळं लगेच शाल आली, फेटा आला. माइकवर आप्पासो म्हणाले, “पोरीनं बिघडवलं, पण सायेबांनी कारखान्याची अब्रू राखली!”

टाळ्या पडल्या. फेट्याखाली जयराजचे कान तापले. त्यानं माइक घेतला.

“चूक माझीच होती. दोन यंत्रांना एकच आयपी अॅड्रेस…”

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. “बघा, कसा मोठेपणा!” आप्पासो शेजारच्या संचालकाला म्हणाले.

“मोठेपणा नाही, आप्पासो,” जयराज म्हणाला. आवाज फाटला आणि तो माइकनं सगळीकडं पोचवला. “तुम्हाला खूश करायला मी चुकीचा नंबर घातला. टेबलाचा संबंध नाही. त्या मुलीनं काही बिघडवलेलं नाही. मी तिच्यावर ढकललं.”

आता कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आप्पासो हळूच म्हणाले, “आवं, हे माइकवर कशाला?” मग मोठ्यानं, “पोरीला काट्यावर बोलवा रं.”

जयराज स्वतःच बोलवायला गेला. नूरीननं सगळं ऐकलं होतं. कर्णा टाइम ऑफिसच्या खिडकीलाच बांधलेला होता. ती उभी राहिली नाही.

“घरी मी फोन करून सांगितलं, माझ्याकडून मशीन बिघडलं म्हणून,” ती म्हणाली. “मला तसंच वाटलं होतं. आता तुम्ही सांगा.” तिनं नंबर लावून मोबाइल त्याच्या हातात दिला.

“मी तुमच्या मुलीच्या ऑफिसातून बोलतोय,” जयराज म्हणाला, “मशीनवाला.”

पलीकडं तिची आई, हुसेनबी. त्यांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. “सायेब, तुमाला फोन करायलाच लागले हुते. पोरगी नवी हाय, चुकली. येक डाव पदरात घ्या. मी पाया पडते तुमच्या.”

“आवं, ऐका,” जयराज म्हणाला, “ऐका जरा.”

पण त्या माफी मागतच राहिल्या आणि नूरीन त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.