टिप गेली

माझ्या शेजारच्या लेथवर आता टकटक्याची मुलगी काम करते. टकटक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कोणाचीही धातू कापणारी टिप बोथट व्हायला लागली की हा आपलं काम सोडून यायचा आणि त्या माणसाच्या मशीनच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा. म्हणजे टिप गेली, बदल. लुडबुड्या होता, पण कान असा तिखट की शिव्या तरी कशा द्यायच्या.

टायटॅनियम हा धातूच कोत्या मनाचा. पोलाद कापताना बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते. हा मात्र ती सगळी कापणाऱ्या टिपेच्या टोकावर ढकलतो. टोक झिजतं, कापायचं सोडून घासायला लागतं, आणि बारीक कीस एकदा पेटला की पाण्याने आणखी भडकतो. टकटक्या तशाच आगीत भाजून गेला. जगाला सावध करत फिरला आणि स्वतःच्या टिपेकडे बघितलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

गेल्या महिन्यात टकटक्याच्या मुलीच्या मशीनखालच्या डब्यात टाकलेल्या टिपा पाहिल्या. सगळ्या काळ्यानिळ्या, टोकं पार खाल्लेली.

“जीव नकोसा झालाय का गं तुला?”

ती हात पुसत राहिली. “काका, टिप जायला आली की बाबा काच वाजवतात. आधी बदलली तर येतच नाहीत.”

ती टकटक मीही ऐकली होती. पण पोरीला बापाच्या वाटेने जाऊ द्यायचं नव्हतं.

“बाबा कसले! तापलेल्या टोकाला धातू चिकटतो, तुटतो, पुन्हा चिकटतो. त्याचा आवाज आहे तो.”

“असेल,” ती म्हणाली. तेव्हापासून ती टिपा वेळेवर बदलते. टकटकही थांबली.

काल ती जेवायला गेली होती. तिचं मशीन बंद, टिप कोरी. मी माझ्या मशीनवर जॉब चालू करून तिच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसलो होतो. तिच्या काचेवर दोनदा वाजलं.

“सुखरूप आहे तुझी पोर,” मी म्हटलं. “जा आता.”

पुन्हा वाजलं, या वेळी माझ्या पाठीमागे, माझ्याच काचेवर. वळून पाहिलं तर माझ्या टिपेचं टोक लालभडक झालं होतं आणि किसातून ठिणग्या उडत होत्या. मशीन थांबवलं. स्क्रू सोडवून टिप बाहेर काढली.

ती परतली तेव्हा जळकी टिप माझ्यासमोर पडली होती.

“काका, मला ओरडता आणि स्वतः? वेळेवर कळलं तरी कसं?”

बाप इथेच आहे, हे तिला सांगावंसं फार वाटलं. पण सांगितलं असतं तर उद्यापासून तिने पुन्हा टिपा जळू दिल्या असत्या.

“जळका वास आला,” मी म्हणालो.

ती माझ्या काचेकडे बघत होती.

“नुसता वास?”

“नुसता वास.”