अठरा फूट फुटपाथ

तोंड बंद ठेवून गुरुदत्तशेठला काय मिळणार होतं, याचा हिशेब नीरजाने पहिल्याच दिवशी मांडला: अठरा फूट फुटपाथ. ठाकुर्ली स्टेशनजवळच्या गल्लीतलं त्याचं घरगुती सामानाचं दुकान आतून जेमतेम दहा फूट रुंद. पण रोज सकाळी बादल्या, टब, स्टुलं बाहेर मांडत मांडत तो अठरा फूट पसरायचा, पार गटाराच्या झाकणापर्यंत. फुटपाथ बादल्यांचा, रस्ता माणसांचा, अशी वाटणी त्याने कधीच करून टाकलेली.

त्याला लागूनच शेवंती म्हात्रेचं मॅचिंग सेंटर. मंगळवारी सकाळी तोंडाला रुमाल बांधलेला एक जण अस्तर घ्यायला आला आणि पन्नासची नोट दिली. दिवसाची पहिली विक्री. शेवंतीने भवानीची नोट दोन्ही डोळ्यांना लावली, वळून एकवीरेच्या फोटोपुढे धरली, डोळे मिटले. तेवढ्यात मागून हिसका बसला आणि दोन तोळ्यांची चेन घेऊन बाईक भुर्र झाली. नवरा गेल्यावर घरात राहिलेलं सोनं तेवढंच. ते मोडून जूनमध्ये मुलीची, रुचिताची, नर्सिंगची फी भरायची ठरली होती.

महिन्यापूर्वीच चौकीतल्या हवालदारांनी सगळ्या दुकानदारांना जमवून समजावलं होतं, की गिऱ्हाईक समोर असताना पाठ फिरवू नका, अंगावर सोनं घालून बसू नका, एकमेकांच्या दुकानावर नजर ठेवा. सगळ्यांनी वडापाव खाता खाता माना डोलावल्या. देवापुढे वळताना फिरते ती पाठ मात्र कुणी हिशेबात धरलीच नव्हती.

शेवंतीच्या दारावर रोखलेला कॅमेरा गल्लीत एकच, गुरुदत्तचा. हवालदार आले तेव्हा तो म्हणाला, दोन महिने बंद आहे, नुसता धाक म्हणून ठेवलाय. समोरच्या आपल्या चष्म्याच्या दुकानातून नीरजाने हे ऐकलं. रविवारीच त्याने तिला मोबाईलवर त्याच कॅमेऱ्यातलं कुत्रं दाखवलं होतं, त्याच्या टबावर पाय वर करणारं, आणि पोट धरून हसला होता.

दुपारी ती त्याच्याकडे गेली. जेवण झालं होतं. काडीने दात कोरत बसला होता.

"कॅमेरा चालू आहे, गुरुदत्तशेठ."

"आहे की. बाईकचा नंबर पण दिसतो." काडीच्या टोकावर आलेलं त्याने निरखून पाहिलं आणि परत तोंडात घातलं. "पण माझ्या बादल्या त्याहून मोठ्या दिसतात. हे चित्र चौकीत गेलं की अतिक्रमणची गाडी दारात."

"मग मी सांगते हवालदारांना."

"सांगा ना. तुमचा गॉगलचा स्टँड पण येतो त्यात, ताई. दोन फूट. मोजलाय मी."

नीरजाने वळून आपल्या स्टँडकडे पाहिलं. ती परत आली आणि चौकीत गेलीच नाही. उन्हाळा तोंडावर होता, गॉगल स्टँडवरूनच खपायचे.

त्याचा रेकॉर्डर सात दिवसांचंच साठवतो, पुढे जुनं आपोआप पुसलं जातं, हे तिला ठाऊक होतं. तरी बुधवार गेला, गुरुवार गेला. शेवंती रोज येऊन बसायची. मानेवरचा लाल वळ हिरवट होत चाललेला.

"त्याचा तोंड नाय बघला, ताय," ती म्हणाली. "भवानीच्या टायमाला डोलं उघडं ठेवायचं काय आता?"

नीरजाने तिला चहा पाजला. स्वतःचा कप ओठाशी नेला आणि तसाच मोरीत ओतला.

पुढच्या बुधवारी तिने आधी स्टँड आत घेतला, मग चौकी गाठली. आधी स्टँड. जुन्या चित्रातून तो काही निघणार नव्हता, तरी. हवालदार लगेच आले, रेकॉर्डर उघडला. त्यात सगळ्यांत जुनं होतं ते गेल्या बुधवारचं. मंगळवार पुसला गेला होता. गुरुदत्त म्हणाला, बुधवारीच दुरुस्त करून घेतला साहेब, योगायोग बघा. आणि पडद्यावरच्या बादल्यांपुढे हळूच उभा राहिला.

हवालदारांनी त्याला बाजूला केलं. "बादल्यांसाठी लपवलंत? त्या मी रोज ओलांडून जातो. ते काम माझं नाही हो. मला नंबर पाहिजे होता, बास."

मग ते नीरजाकडे वळले आणि एवढंच म्हणाले, की काल आला असतात तरी चाललं असतं.

शेवंती आता भवानीची नोट दाराकडे तोंड करूनच कपाळाला लावते, डोळे उघडे ठेवून. त्या डोळ्यांसमोर नेमकं नीरजाचं दुकान येतं.

गुरुदत्तचे अठरा फूट शाबूत. नीरजाचे दोन फूटही. स्टँड चार दिवसांनी परत बाहेर आला. हे वीस फूट कुणी मागितलेच नव्हते. त्यांचं भाडं भरलं ते शेवंतीने, दोन तोळे, आणि रुचिताने, नर्सिंगचं एक वर्ष.