बारकं हाय, पण चालंल

साळूबाईनं सोफ्यावरच्या तिन्ही गाद्या उपसल्या, दोन पलंगाखाली सारल्या आणि तिसरी समोरच्या खुर्चीवर ठेवून वर शाल टाकली. उघड्या पडलेल्या सोफ्यावर तिनं चादर अंथरली आणि स्वतः बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला लागायच्या बेतात आले, तेव्हा कुठं तिला समाधान वाटलं. पाहुणे जितके खाली बसतील तितकी पोरगी वर दिसंल. एवढी साधी गोष्ट, पण सुचायला आठ स्थळं हातची जावी लागली.

मोनिका दारात उभी राहून हे सगळं बघत होती. एकतिसावं लागलेलं, उंची चार फूट आठ इंच.

"आई, पाहुण्यांचे पाय दुखतील."

"दुखू दे. अर्ध्या तासात कुणी मरत नाही. अन् तू मान खाली घालू नको. आधीच जमिनीतून उगवल्यावानी दिसतीस."

साळूबाई फटकळ होती हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर एकटीनं लेक शिकवली, कुणापुढं हात पसरला नाही, त्यामुळं तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण गेल्या चार वर्षांत, नकारामागून नकार येत गेले तसं ते तोंड बाहेरच्यांवर कमी आणि लेकीवर जास्त चालायला लागलं होतं. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली नवी साडी मोनिकाला नेसवतानासुद्धा ती म्हणाली होती, "निम्मी साडी तर निऱ्यांतच गेली."

साडेअकराला साळूबाईचा भाऊ बद्रीनाथ पाहुण्यांना घेऊन आला. स्थळ त्यानंच आणलेलं. मुलगा अतुल, वाळूजला एका कंपनीत इंजिनियर, आणि त्याची आई द्वारकाबाई. द्वारकाबाई जाडजूड, नऊवारीतली, रोखठोक बाई. "अगं माय" म्हणत ती सोफ्यात जी गेली ती पार खाली गेली. अतुलचे गुडघे त्याच्या छातीशी आले. त्यानं पोह्यांची बशी गुडघ्यावरच ठेवली.

मोनिकानं वाकून द्वारकाबाईंना नमस्कार केला आणि खुर्चीवर बसली. द्वारकाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. वरपासून खालपर्यंत बघायला वेळ लागला नाही.

"लेकरू गुणाचं दिसतंय," त्या म्हणाल्या. "जरा बारकंच हाय पण."

"बारकं असलं तरी कामाला वाघ आहे," बद्रीनाथ घाईनं म्हणाला. "घरबसल्या दोन डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. मोनिका, आण गं तुझं मशीन. दाखव पाहुण्यांना."

मोनिकानं आतून आपला लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. शाळेच्या वहीएवढा, राखाडी रंगाचा, कोपऱ्यात थोडा घासलेला. अतुलचा पोह्याचा घास हातातच राहिला.

"नेटबुक आहे ना हे? किती वर्षं झाली?"

"तीन."

"रोज काम करता?"

"रोज. सात-आठ तास."

"एवढं? काही त्रास होत नाही?"

मोनिकानं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. "डोळे दुखतात कधी कधी," ती म्हणाली. "सवय झाली आता."

"अच्छा," अतुल म्हणाला, आणि हसला. चांगलं हसला.

स्वयंपाकघराच्या पडद्याआडून साळूबाईनं ते हसणं पाहिलं आणि ती पडदा धरून तिथंच थांबली. आठ जण येऊन गेले होते. एकानं भाकरी थापता येते का विचारलं. एकाच्या बहिणीनं मोनिकाला कपाटाशी उभं करून कपाटाच्या कडीपर्यंत डोकं येतं का ते पाहिलं. तुला त्रास होतो का, असं एकानंही विचारलं नव्हतं.

बद्रीनाथनं मोनिकाला चहा आणायला आत पाठवलं. मोनिका आली, तिनं आधण ठेवलं, आणि कोरडाच कप पुन्हा एकदा फडक्यानं पुसला. मग तोच परत पुसला. साळूबाईच्या लक्षात आलं. पोरगी ह्या मुलावर भाळली होती. नकार ऐकून ऐकून दगड झालेली आपली पोरगी अजून भाळू शकते, ह्याचा तिला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

बाहेर बोलणं सुरू होतं. साळूबाईनं गॅस बारीक केला आणि पडद्याला कान लावला.

आता ह्यात एक गोम आहे. आपल्याकडच्या जुन्या बाया लेकरू म्हणायला लागल्या की मुलगा काय नि मुलगी काय, सगळं 'ते'च. ते आलं, ते गेलं, ते जेवलं. साळूबाईचा जन्म ह्या 'ते'मध्ये गेलेला. त्यामुळं तिला जे ऐकू आलं ते तिनं सरळ ऐकलं.

"लई बारकं हाय रे अतुल," द्वारकाबाई म्हणत होत्या.

"बारकं असू दे की, आई. आपल्याला शोभेला नाही पाहिजे, रोजच्याला पाहिजे."

"टिकंल का पण?"

"टिकतंय की. तीन वर्षं राबतंय. आवाज नाही, काही नाही. दिवसभर कामाला लावलं तरी तापत नाही."

"मंग हेच करू पक्कं. उगं दहा ठिकाणी कशाला बघत बसायचं?"

"हो. मला चालेल."

साळूबाईनं ओट्याची कड धरली. घोडं गंगेत न्हालं. चार वर्षं, आठ नकार, आणि नवव्या घरी पोरीचं बारकं असणंही चाललं.

"आई," मोनिका हळूच म्हणाली, "ते नक्की कशाबद्दल..."

"गप बस. स्वतःच्या नशिबाला स्वतःच आडवी येऊ नको."

 मोनिका चहात साखर घालता घालता थांबली. मग अगदी लहानपणी बोलायची तशा आवाजात तिनं विचारलं, "चालेल म्हणाले ना ते? तूपण ऐकलं ना?"

"म्या ह्या कानांनी ऐकलं," साळूबाई म्हणाली, आणि मोबाइल घेऊन मागच्या गॅलरीत गेली.

थोडा दम धरला असता तर काय बिघडलं असतं? पण सिल्लोडची जाऊ तिच्या डोक्यात बसलेली होती. ह्याच जावेनं घरच्या लग्नात, सगळ्या बायकांत, मोनिकाच्या देखत म्हटलं होतं की, ह्या पोरीला अंतरपाटाशी पाटावर नाही, स्टुलावर उभी करावी लागंल. बायका पदराआड हसल्या होत्या. मोनिकाही हसली होती, कारण न हसून काय करणार? साळूबाईला ती रात्र झोप लागली नव्हती.

"जाऊबाई, जमलं बरं का," ती फोनवर म्हणाली. "इंजिनियर आहे. आत्ता होकार दिला, आमच्या सोफ्यावर बसून. चुलत्यांना सांगा. सगळ्यांना सांगा."

फोन ठेवून तिनं वाटीत साखर घेतली, पदर सारखा केला आणि बाहेर आली. अतुल मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यात डोकं घालून बसला होता. द्वारकाबाई बशीतले शेंगदाणे वेचत होत्या. साळूबाई त्यांच्या पुढ्यात गेली आणि त्यांच्या तळहातावर साखर ठेवली.

"साखर कशापायी, बाई?"

"तोंड गोड करा. आता लेकरू तुमचंच."

द्वारकाबाईंनी बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथ अर्धवट उठला. "साळू, अगं जरा..." म्हणाला. तेवढ्यात मोनिका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. बांगड्यांचा आवाज आला म्हणून अतुलनं ओळखलं असावं. स्क्रीनवरून मान वर न करताच तो म्हणाला,

"ताई, ह्याचं चार्जर वेगळं घ्यावं लागतं का?"

मुलगी बघायला आलेला मुलगा मुलीला नाव घेऊन बोलेल, तुम्ही म्हणेल, नाहीतर काहीच म्हणणार नाही. ताई म्हणणार नाही. ताई म्हटलं की बैठक मोडली, मग कुणी वेगळं सांगायची गरज राहत नाही. साळूबाई साखरेची वाटी धरून तशीच उभी राहिली.

द्वारकाबाईंना आता सगळं उमगलं. त्या वाईट नव्हत्या, पण लपवून बोलणं त्यांना येत नव्हतं.

"आमी ह्या डब्याबद्दल बोलत व्हतो, बाई," त्या म्हणाल्या. "अतुलचं लगीन कन्नडला ठरल्यातच जमा हाय. पोरगी बी.एड. करतीय, तिला एक असलंच घिऊन द्यायचंय. बद्रीनाथभाऊंचा शब्द कसा मोडायचा, म्हणून आलो हिकडं. तुमच्या लेकराला नावं ठेवाया जागा नाय. पण आमचा अतुल केवढा, अन् हे केवढं."

बोलून झाल्यावर हातातल्या साखरेचं काय करावं हे त्यांना कळेना. परत वाटीत टाकावी तर अपशकुन. त्यांनी ती तोंडात टाकली.

अतुलनं आता मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवावा की मांडीवरच ठेवावा, अशा घोळात तो तसाच बसला.  मोनिकानं ट्रे टेबलावर ठेवला, प्रत्येकापुढं कप सरकवला, एक थेंब सांडला नाही.

"चार्जर सोबतच येतं, दादा," ती म्हणाली. "बॅटरी सहा तास जाते. एका वेळी जास्त कामं दिली की अडकतो, तेव्हा थोडं थांबायचं. त्याला मारायचं नाही."

"हो," अतुल म्हणाला. "बाकी रोजच्या वापराला..."

"रोजच्या वापराला चांगला आहे. तुमचा नंबर मामाकडं आहे ना? मी लिंक पाठवते."

चहा प्यायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं साळूबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून काढली. उठायच्या वेळी द्वारकाबाईंना त्या खोल सोफ्यातून वर येता येईना. दोनदा जोर केला, दोनदा परत बसल्या. शेवटी मोनिकानं हात दिला, पाय रोवून त्यांना ओढून काढलं. द्वारकाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं हाताच्या सोयीच्या उंचीवर होतं.

"मिळंल गं तुला एखादं," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथ पाहुण्यांसोबतच निघून गेला. चपला घालताना बहिणीकडं त्यानं बघितलं नाही.

दार लागलं. मोनिकानं पलंगाखालच्या गाद्या काढल्या, झटकल्या, सोफ्यावर लावायला घेतल्या. साळूबाईला राग काढायला घरात दुसरी जागा नव्हती.

"कशाला आणून ठेवलं ते डबडं पाहुण्यांपुढं?" ती म्हणाली.

"मामा म्हणाला."

"मामा म्हणाला. बरं झालं. घरातलं एक तरी पसंत पडलं."

मोनिकाचे हात थांबले. तिनं आईकडं बघितलं नाही. गादीचा कोपरा आत खोचला आणि दुसरी गादी उचलली. साळूबाईला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं, पण परत कसं घेतात ते तिला कधी आलंच नव्हतं.

टेबलावर मोबाइल वाजला. सिल्लोड. वाजून वाजून थांबला आणि लगेच परत वाजायला लागला. साळूबाईनं तो उचलला, नाव बघितलं आणि मोनिकाच्या पुढं धरला.

"तू सांग."

"तू सांगितलंस ना त्यांना? मग तूच..."

"तुझ्यापायी सांगितलं. तूच सांग."

मोनिकानं फोन घेतला. पलीकडून बायकांचा गलका ऐकू येत होता. जावेनं घर गोळा केलं असावं. मुलाचं गाव कुठलं, साखरपुडा कधी, साडी कुठल्या रंगाची, सगळं एकदम विचारणं चाललं होतं. मोनिकानं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"नाही काकू," ती म्हणाली. "आईची ऐकण्यात चूक झाली. त्यांना लॅपटॉप पसंत पडला."

 पलीकडं जाऊ हसायला लागली. आधी एकटी, मग तिनं मागं वळून कुणाला तरी सांगितलं असावं, कारण मागच्या बायकाही हसायला लागल्या. फोन स्पीकरवर नव्हता, तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला साळूबाईला सगळं ऐकू येत होतं. तिनं हात पुढं केला, बंद कर म्हणून खूण केली, एकदा, दोनदा.

मोनिका आईकडं बघत उभी राहिली. त्यांचं हसून होईपर्यंत तिनं फोन कानापासून काढला नाही.