सुतारपक्ष्याची ढोली

“हे पान कशाचं?” वहीवाल्या बाईने विचारलं आणि पान अगदी वाटाड्याच्या नाकासमोर धरलं.

वाटाड्याने ते हातात घेतलं, चुरगळलं, हुंगलं. “तापावरचं औषध आहे बाई. चावून बघा, दिवसभर तोंड कडू राहील.”

बाईने वहीत काहीतरी लिहिलं. पेन्सिलीची खरखर ऐकून त्याच्या मनात पाल चुकचुकली. सकाळपासून हिची ही तिसरी परीक्षा. आधी एक पक्षी विचारला. मग मनगट पुढे करून, ‘बघा हो, घड्याळ बंद पडलंय का?’ ते त्याने कानाला लावून वेळ मारून नेली. जंगल बघायला आलेलं माणूस झाडं बघतं. ही मात्र त्याच्या पायांकडे बघत असावी. सहलींच्या ऑफिसनेच धाडली असणार.

ऑफिसला शंका यायला जागाही होती. वर्षापूर्वी डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाला होता. समोरचं माणूस आता धुरातल्या सावलीसारखं दिसे. हे फक्त त्याच्या बहिणीला ठाऊक होतं. ऑफिसला कळलं असतं तर त्याच दिवशी काम सुटलं असतं. आणि मग तो कोण? गावातला आणखी एक म्हातारा. वाट मात्र पायांना पाठ होती. सव्वीस वर्षं तीच. चढण, सपाट दगड, गाव, आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठाने परत.

सपाट दगडावर तो नेहमीसारखा थांबला आणि काठी उचलून ओढ्यापलीकडे रोखली. “तो उंच, सरळसोट बुंधा बघा. वर दोन फांद्या फुटल्यात, त्यांच्या खाली ढोली आहे. सुतारपक्ष्याची. मी या कामाला लागलो त्या वर्षीची.”

एरवी लोक लगेच ‘अय्या, केवढी!’ म्हणत.

“कुठे?” सोबतच्या जोडप्यातली बायको म्हणाली. “मला तर...”

“ती काय, वर,” वहीवाली बाई घाईने म्हणाली. “मला दिसली.”

“मलाही!” नवरा मागे राहतो कसला? त्याचा कॅमेरा दोनदा वाजला. “पिल्लू डोकावतंय बघ.”

“चष्मा गाडीत विसरलास ना? तरी दिसलं?” बायको म्हणाली.

वाटाड्या हसला. पण बाईची ती घाई त्याच्या कानात राहिली.

गाव त्याचंच. पंधरा-वीस घरं, बांबूच्या भिंतींची. बहीण अंगणात टोपली विणत बसली होती. ही पाहुण्यांना दाखवायची टोपली. पाहुणे गेले की ती अर्धी उसवून ठेवी.

“खुर्च्या आत टाकल्यास ना?” त्याने त्यांच्या बोलीत विचारलं. पाहुण्यांना ती कळत नसे.

“टाकल्या. टीव्हीवर चादरही घातली. दादा, ती वहीवाली आल्यापासून तुलाच बघतेय. टोपलीकडे ढुंकूनही बघितलं नाही तिने.”

“ठाऊक आहे. ऑफिसची आहे.”

“मग आपणहून सांगून टाक ना रे. तिने पकडायच्या आधी.”

“तू टोपली वीण.”

परतताना ओढ्याच्या काठी त्याची काठी कशावर तरी आपटली. तिथे काही असायला नको होतं. त्याने हात लावला. ओली साल, जाडजूड बुंधा, वाटेवर आडवा. परवाच्या वादळात पडला असणार, आणि वादळानंतरची ही पहिलीच फेरी. चाचपत तो पुढे सरकला. दोन फांद्या लागल्या. त्यांच्या खाली त्याची बोटं एका गुळगुळीत काठाच्या भोकात गेली.

सव्वीस वर्षं ही ढोली त्याने लोकांना दाखवली होती. हात आज पहिल्यांदा लागत होता. आत लाकडाचा भुसा होता आणि एक पीस.

मागे तिघांची पावलं थांबली.

“या साहेब,” वाटाड्या म्हणाला. “आता जवळून बघा. पिल्लू आहे का अजून?”

नवऱ्याने घसा खाकरला. बायको फिसकन हसली आणि मग एकदम थांबली.

“बाई, तुम्हाला ऑफिसनं पाठवलंय ना?”

“हो. त्या दोघांसमोर तुमची फजिती नको, म्हणून मघाशी तसं म्हणाले.”

तिच्या आवाजात त्याने खोट शोधली. सापडली नाही.

“काय लिहिलंत?”

“पाय कुठेही चुकला नाही, एवढंच. पुढचं अजून लिहिलं नाही.”

“मग लिहा. झाड पडलंय, ते मला दिसलं नाही. आणि पुढच्या वाटाड्याला सांगा, सपाट दगडावर थांबायचं आता काही कारण नाही.”

पेन्सिल बराच वेळ वाजली नाही. मग वाजली.

त्याने एकेकाला हात देऊन बुंध्यापलीकडे उतरवलं. “आता तुम्ही पुढे व्हा, बाई. मी मागून सांगतो. वीस पावलांवर वाकायचं, मग डावीकडे.”

बाई पुढे झाली. तो तिची पावलं मोजत उभा राहिला. विसाव्या पावलाला बाई वाकली, फांदी सळसळली. मग तो सगळ्यांच्या मागून निघाला. पीस त्याच्या मुठीत होतं.